समुद्रपक्ष्यांचे फोटो काढायला बेटावर जाताय? होडीतून उतरू नका

खाडीकाठ (धागाकर्ता), ऐरोली

गेल्या रविवारी ऐरोलीच्या जेट्टीवर कॉलेजातल्या तिघांनी मला गाठलं. गळ्यात नवा कॅमेरा, त्याला १५०-६०० ची लेन्स, सकाळच्या फेरीत रोहित पक्षी मनसोक्त मिळालेले. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, तुम्ही वेंगुर्ला रॉक्सला जाऊन आलात ना? होडीवाल्याचा नंबर द्या. मे महिन्यात सुरयांच्या वसाहतीत उतरून फोटो काढायचेत." माझी होडी सुटत होती. नंबर मी दिला नाही, आणि का दिला नाही हे सांगायलाही वेळ मिळाला नाही. पोराचा चेहरा उतरला. तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. बर्न्ट आयलंड म्हणूनही लोक ओळखतात. एका बेटावर दीपगृह आहे, वस्ती नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इथे सुरय, म्हणजे टर्न, अंडी घालतात. मोठे तुरेवाले सुरय उघड्या कातळावर, एकमेकांपासून चोचीच्या अंतरावर. ब्रायडल्ड टर्न मात्र कपारीत, दगडाच्या आडोशाला. आणि गुहांमध्ये पाकोळ्या. या पाकोळ्या अंधारात टकटक असा आवाज काढून त्याच्या पडसादावरून वाट काढतात आणि आपल्या लाळेने घरटं भिंतीला चिकटवतात. त्या लाळेच्या सूपासाठीच ही घरटी वर्षानुवर्षं चोरीला गेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती वाचवण्यासाठी या बेटांवर काम केलं आहे. पक्षी अभ्यासकांना ही जागा फार जुनी ठाऊक आहे. १८७५ मध्ये ए. ओ. ह्यूम इथे येऊन गेला, पुढे हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये लिहिलं.

मीही त्या बेटावर उतरलो होतो. मे महिना होता. पहाटे मतलई वारा असताना निघालो, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. होडी चालवणारे तांडेल वयस्कर होते. होडी खडकाला लागली तेव्हा ते म्हणाले, "वर जावचा नाय. अंडी उन्हान करपतली." मी म्हटलं, पाचच मिनिटं. ते पुढे काही बोलले नाहीत, दोर धरून बसून राहिले.

वर चढलो आणि सगळी वसाहत एकदम उठली. डोक्यावर पांढरं वादळ, कान किटतील असा कर्र कर्र आवाज. मी कडेला पोटावर पालथा पडलो आणि फोटो काढत सुटलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, याहून सुंदर काही मी पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर लॅपटॉपवर फोटो चाळताना एका फोटोत थांबलो. पुढे उडणारा सुरय, फोकस अचूक, पंखाचं पीस न् पीस मोजता येईल असा. मागे कातळावर, थोडंसं धूसर, एक अंडं. मातकट रंग, त्यावर तपकिरी ठिपके. पुढच्या फोटोतही तेच अंडं. त्याच्या पुढच्यातही. मी एका जागी पडून होतो, त्यामुळे मागचा कातळ बदललाच नव्हता. मग प्रत्येक फोटोची वेळ बघितली. पहिला ९ वाजून ६ मिनिटांचा, शेवटचा ९ वाजून ४३ मिनिटांचा. अंड्याशेजारी एका खड्याची सावली पडली होती, ती पहिल्या फोटोत बोटभर लांब होती आणि शेवटच्यात बरीच आखडली होती. या सदतीस मिनिटांत त्या अंड्यावर एकदाही पक्षी बसला नाही. सुरयाची ही जात एका हंगामात बहुधा एकच अंडं घालते.

त्या अंड्याचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही. पण तांडेलांनी एका वाक्यात सांगितलेलं मला समजायला फोटोंच्या वेळा बघाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी त्याच तांडेलांकडे गेलो. या वेळी उतरलो नाही. त्यांनी बरंच लांब मशीन बंद केलं आणि होडी वाहू दिली. एकही पक्षी उठला नाही. आणि तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की अंड्यावरचा सुरय उन्हात बसत नाही, उभा राहतो. पंख खांद्यापासून जरा सैल सोडतो, चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि आपली सावली अंड्यावर पडेल असा वळत राहतो. ऊन सरकेल तसा तोही सरकतो. आदल्या वर्षी सदतीस मिनिटं वर असूनही हे मला दिसलं नव्हतं, कारण माझ्यासमोर पक्षी आपलं काम करतच नव्हता, तो घाबरून उडत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. विणीच्या बेटावर पाय ठेवू नका. होडीतून काढा.

वाशीकर

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. ती सावलीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

होडीतून काढायचे तर सेटिंग काय ठेवता? माझे डोलणाऱ्या होडीतून सगळे हललेले येतात.

खाडीकाठ

वाशीकर, मी हे सगळं ठाणे खाडीत शिकलो, त्यामुळे तिथलंच सांगतो.

शटर १/२००० च्या खाली आणत नाही, उडणाऱ्या सुरयाला १/३२००. आयएसओ वाढला तर वाढू द्यावा, दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. कोपर होडीच्या काठावर कधी टेकवू नका, मशीनची थरथर थेट लेन्सपर्यंत येते. मोनोपॉडचंही तेच. खाली बसा, पाठ कशाला टेकवू नका, कोपरं गुडघ्यांवर किंवा छातीशी. आपलं शरीरच होडीचा डोल पिऊन टाकतं.

पांढरा पक्षी हा खरा त्रास. मागे गडद पाणी असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी पांढराफटक जळतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली. तोच पक्षी वर चढून पांढुरक्या आभाळात गेला की उलटं, आता वर घ्यावं लागतं. सुरय पाण्यात सूर मारताना हा बदल दोन सेकंदांत होतो, म्हणून मी उजेड एकदा मोजून सगळं मॅन्युअलवर बांधून टाकतो. पक्ष्यावरचं ऊन तेच असतं, मागचं काहीही बदलो.

आणि घरी आल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नका. मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी गोड्या पाण्यात पिळून घेतलेला रुमाल, मग कोरडा. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळाभर लेन्स बॅगेत राहिली तर बुरशी ठरलेली, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

पामबीच

धागा चांगला आहे, पण मला पटलं नाही, आणि स्पष्टच लिहितो.

तुम्ही उतरलात, फोटो काढलेत, शिकलात. आता पुढच्याला सांगताय उतरू नका. ज्या पोराने अजून बेटच पाहिलं नाही त्याला हे कसं पटावं? संशोधकही उतरतात, अंडी मोजतात, पिल्लांच्या पायात कडी घालतात. त्यांनी चालतं आणि आम्ही नको?

दुसरं असं की जवळून काढलेला फोटो माणसाला हलवतो. चारशे फुटांवरून काढलेला पांढरा ठिपका बघून कोण म्हणणार की ही जागा वाचली पाहिजे? तुमच्या या धाग्यातलं सगळ्यात जिवंत वर्णन त्या उतरलेल्या दिवसाचंच आहे.

ओहोटी

पामबीच, प्रश्न रास्त आहे. मी काही वर्षं पक्षीगणनेत काम केलं आहे, म्हणून उतरणाऱ्यांच्या बाजूने सांगते.

अंड्यातला जीव साधारण ३७-३८ अंशांच्या आसपास वाढतो. थोडा गारठा तो सोसतो, वाढ मंदावते इतकंच. वरची उष्णता मात्र सोसत नाही, काही अंश चढले की जीव जातो. मे महिन्यात काळ्या कातळाला आपण हात लावू शकत नाही, त्यावर ते अंडं असतं. म्हणजे अशा उघड्या कातळावर भर उन्हात पक्षी अंडी उबवत नसतो, ती थंड ठेवत असतो. म्हणूनच ज्यांना परवानगी घेऊन उतरावंच लागतं ते ऊन चढायच्या आत जातात, कुठून चढायचं आणि किती मिनिटांत परतायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि पक्षी ठरावीक वेळात परत बसले नाहीत तर काम अर्धवट टाकून निघतात. त्या उतरण्यातून पुढच्या दहा वर्षांना पुरेल असा आकडा मिळतो. आपण दहा जण वेगवेगळ्या दहा दिवशी उतरलो तर त्या वसाहतीला दहा वेळा उठावं लागतं. प्रत्येकाला वाटतं मी तर एकदाच गेलो.

दुसरी गोष्ट पिल्लांची. पिल्लं चार-सहा दिवसांची झाली की घाबरून पळतात. पळता पळता शेजारच्याच्या हद्दीत गेली की शेजारी चोची मारतो. काही कड्यावरून खाली पडतात. वरून समुद्री गरुड हे सगळं बघत असतोच. कोकणात त्याला काकण म्हणतात. त्याचंही पोट आहे, त्याला दोष नाही, पण त्याला ताट आपण वाढून देतो.

आणि ड्रोन. उतरत नाही, फक्त ड्रोन सोडतो असं हल्ली ऐकू येतं. सुरयाच्या दृष्टीने वरून येणारी कुठलीही गोष्ट शिकारी असते. कधी कधी वसाहत आधी एकदम गप्प होते, मग सगळे जण खाली झेपावून पाण्यावरून लांब निघून जातात. त्या शांततेत उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो.

पामबीच

ओहोटी, ऊन आणि पिल्लांचा मुद्दा मान्य. ही माहिती मला नव्हती. जवळच्या फोटोच्या ताकदीबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

न्यूकॅसलकर

मूळचा नौपाड्याचा, आता इंग्लंडात उत्तरेला. पामबीच यांच्या मुद्द्यावर इथलं उदाहरण देतो.

इथे फार्न बेटं आहेत. पफिन, गिलेमॉट, आर्क्टिक टर्न. तिथे लोक उतरतात, पण कसे? बेट नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात, हंगामभर रेंजर बेटावर मुक्कामाला, चालायला लाकडी फळ्यांची वाट आणि त्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. आर्क्टिक टर्न वाटेच्या कडेलाच अंडी घालतात. जाणाऱ्याच्या डोक्यावर चोची मारतात, त्यामुळे सगळे टोपी घालून जातात. माझ्या मुलीच्या टोपीवर एकाने तीनदा टोचलं आणि ती आनंदाने ओरडत होती. तिथे फूटभरावरून फोटो मिळतो, आणि पक्षी अंडं सोडत नाही, कारण माणूस रोज त्याच रेषेवरून जातो हे त्याला पाठ झालेलं असतं.

२०२२ मध्ये बर्ड फ्लूने हजारो समुद्रपक्षी मेले तेव्हा तिथे उतरणं बंद केलं. होड्या बेटांभोवती फिरत राहिल्या. मी तेव्हा गेलो होतो. कुणी तक्रार केली नाही.

म्हणजे जवळून फोटो काढणं शक्य आहे, पण त्यामागे राखणदार आणि आखलेली वाट लागते. कोकणातल्या खडकावर यातलं काहीच नसताना आपण फक्त कॅमेरा घेऊन जातो.

खाडीकाठ

न्यूकॅसलकर, टोपीवर टोचणारा सुरय! मला हे बघायला यायचंय.

पामबीच, तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, आणि ते खरं आहे. मी उतरलो म्हणूनच मला कळलं. पण मला कळायला त्या अंड्याने सदतीस मिनिटं ऊन सोसलं. तेच कळणं दुसऱ्याला नुसतं वाचून मिळालं तर ते कमी दर्जाचं ठरत नाही. आणि तांडेल तर वर न चढताच जाणून होते.

अबोली_खारघर

विषय थोडा वेगळा आहे, पण समुद्रपक्षी आपल्या दारातही येतात म्हणून लिहिते.

दोन पावसाळ्यांपूर्वी जूनमधे रात्रभर वारा झाला आणि सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकाला टेकून एक मोठा पांढरा पक्षी बसलेला. कडेचे पंख काळे, तोंडाभोवती काळा मुखवटा, पिवळट भाल्यासारखी चोच. वॉचमन म्हणाला बदक आहे. तो मास्क्ड बूबी होता. आयुष्य भर समुद्रात काढणारा पक्षी, आणि इथे पाण्याच्या टँकरखाली. पाच मिनिटांत तीस मोबाईल त्याच्या तोंडासमोर. एकाने बाटलीने त्याच्या चोचीत पाणी ओतायला घेतलं, दुसरा चिकटपट्टी आणायला धावला, चोच बांधू म्हणून.

त्या दिवशी फोनवरून मला जे सांगितलं गेलं ते सगळ्यांना सांगते. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात. तो चोचीच्या कोपऱ्यातून श्वास घेतो. चोच पट्टीने बांधली तर तो गुदमरून मरेल. पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. धरायचाच झाला तर मागून जाड टॉवेल टाकून धरायचा आणि आपले डोळे त्याच्या चोचीपासून लांब ठेवायचे, कारण तो डोळ्यांवरच नेम धरतो. मग भोकं पाडलेला मोठा खोका, खाली जुनं फडकं, अंधार, शांतता. खायला काही नाही. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

आम्ही तो खोका जिन्याखाली ठेवला आणि दाराला खुर्ची लावून मी बाहेर बसले. दीड तासाने स्वयंसेवक आले. तोवर आतून एकदाच पंखांचा घासल्यासारखा आवाज आला होता. मी फोटो एकच काढला, तोही ओळख पटवायला पाठवायचा म्हणून.

ओहोटी

अबोली, फार योग्य केलंत. पावसाळी वाऱ्याने दर वर्षी असे पक्षी मुंबई-ठाणे-रायगडात येऊन पडतात. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, या दोन वादळांनंतर तर पक्षीमित्रांचे फोन थांबत नव्हते.

भर घालते. "समुद्रपक्षी आहे ना, मग समुद्रात सोडून येऊ" हे कधी करू नका. तो थकलेला, उपाशी असतो. त्याच वाऱ्यात परत फेकलात तर लाटेत जाईल. सूटी टर्न तर उडायला लागल्यापासून काही वर्षं जमिनीवर उतरतच नाही, पण त्याची पिसं पाण्यात फार वेळ तग धरत नाहीत.

फोटोवरून ओळख विचारायची असेल तर डोक्याचा फोटो बाजूने हवा. सूटी आणि ब्रायडल्ड यांत गोंधळ होतो. कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी संपला आणि पाठ काळी असली तर सूटी. पट्टा भुवईसारखा डोळ्याच्या मागे गेला आणि पाठ करडी-तपकिरी असली तर ब्रायडल्ड.

नाखवा_दिवा

आम्ही दिवा कोळीवाड्याचे, ऐरोलीचे. खाडीत बाबांचं आयुष्य गेलं. खाडीकाठ काकांना ओळखतो.

मला एक सांगायचंय. थंडीत कुरव, म्हणजे सीगल, येतात. जिथे पर्यटकांच्या बोटी चालतात तिथे लोक शेव, गाठ्या, कुरकुरे फेकतात. पक्षी जवळ येतो, चोच उघडून झेप घेतो, तोच फोटो सगळ्यांना पाहिजे असतो. काही फोटोवाले तर पाकिटं घेऊनच येतात. आमच्या होडीत मी हे करू देत नाही. बाबा म्हणायचे, पाहुण्याला आपण शिळं वाढत नाही. हा पाहुणा लडाखातून येतो आणि आपण त्याला तेलातला मैदा घालतो. सवय लागली की तो मासा शोधायचा सोडून होडीमागे लागतो.

होडीमागे जाळं असताना तो आपोआप येतो. ते बघा, तो फोटो काढा. जाळ्यातून निसटलेला बोयटाचा पिल्लू उचलताना तो जी गिरकी घेतो ती गाठ्याला कधी घेत नाही.

खाडीकाठ

नाखवा, लडाखचं बरं काढलंत. आपल्या खाडीतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाखात त्सो मोरिरीसारख्या तलावांतल्या छोट्या बेटांवर अंडी घालतो, साडेचार हजार मीटर उंचीवर. म्हणजे ज्याला बेटावरचा पक्षी बघायचाय त्याच्यासाठी बेटावरचा पक्षी स्वतःच ऐरोलीला येतो. नोव्हेंबर ते मार्च जेट्टीवर उभं राहायचं. मार्चपर्यंत त्याचं डोकं चॉकलेटी व्हायला लागतं, तो वीणीचा रंग. तो आला की समजा, निघायची वेळ झाली.

रानवारा_घोडबंदर

लक्षद्वीपच्या पिट्टी बेटाबद्दल कुणी लिहिलं नाही. कवरत्तीपासून दूर, वाळू आणि प्रवाळाचा एवढासा उंचवटा, झाड नाही. तिथे सूटी टर्न आणि ब्राउन नॉडी यांची वसाहत आहे. लक्षद्वीपला जायलाच परवाना लागतो, आणि ते बेट पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. मी शेजारून जाणाऱ्या होडीतून पाहिलं. आधी वाटलं बेटावर धूर निघतोय. तो धूर नव्हता, पक्षी होते. फोटो आला नाही, लाट मोठी होती. डोळ्यांत आहे.

पामबीच

रानवारा, हे भारी.

एक प्रामाणिक प्रश्न. होडीतून किती अंतर ठेवायचं? आकडा सांगा, कारण होडीवाला विचारतो "अजून जवळ घेऊ का?" आणि तेव्हा नाही म्हणवत नाही.

नाखवा_दिवा

आकडा नाही दादा, पक्ष्याची मान बघायची. रोहित चिखलात डोकं उलटं घालून खात असतो. दोन-चार माना वर आल्या, मशीन बारीक करायचं. सगळ्या माना वर, मशीन बंद. एका दिशेने चालायला लागले की आपण जास्त आलो, वल्ह्याने मागे जायचं. पळायला लागले की त्यांची सकाळ आपण वाया घालवली. उडायला प्रत्येकाला ताकद लागते, आणि ओहोटीचं खाणं चारच तास असतं.

लोक मला सांगतात "नाखवा, जरा उडव ना." पंख उघडले की गुलाबी-काळा फोटो मिळतो म्हणून. पैसे जास्त देतो म्हणतात. मी म्हणतो, थांबा. ओहोटी लागली की पाणी मागे सरतं, तसे ते स्वतःच जागा बदलायला उठतात. मिळतो फोटो. घाईवाल्याला नाही मिळत.

ओहोटी

सुरयाचं लक्षण वेगळं. बसलेला पक्षी उभा राहिला आणि नजर तुमच्यावर खिळली, तिथे थांबा. एक जरी उठून डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला तर मागे व्हा.

आणि कृपा करून फोटोसोबत घरट्याचं नेमकं ठिकाण टाकू नका. तालुका लिहिला तरी पुरतं.

जुईनगरची_जुई

मोठी लेन्स नसेल तर? माझ्याकडे ५५-२५० आहे. वाचून वाटतंय की लांब राहायचं तर लाखभराची लेन्स पाहिजे, म्हणजे हे काम पैसेवाल्यांचं.

खाडीकाठ

जुई, मुळीच नाही. माझा सगळ्यात आवडता फोटो ७० मिलिमीटरवर काढलेला आहे. पुढे चिखल, त्यात रोहित पक्ष्यांची मोत्याच्या माळेसारखी रांग, मागे ऐरोलीचा पूल, त्याच्या मागे धुक्यातून वर आलेल्या मुलुंडच्या इमारती. पक्षी एवढे एवढे आहेत, पण कुठे राहतात ते त्यात दिसतं. हे सगळं ठाणे खाडीचं अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ते नुसत्या चोचीच्या फोटोतून कळणार आहे का? लहान लेन्सने तुम्ही पक्षी आणि त्याचं घर एकाच चौकटीत आणू शकता. ५५-२५० घेऊन नक्की या.

पामबीच, जवळच्या फोटोबद्दल तुम्ही म्हणालात त्यावर माझं उत्तर हा फोटो आहे. पटलं नाही तरी हरकत नाही, एकदा होडीत सोबत बसू.

पामबीच

बसू. चहा माझ्याकडून.

ओंकार_दहा_सेक्टर

काका, जेट्टीवरचा तो मुलगा मीच. मित्राने लिंक पाठवली.

त्या दिवशी राग आला होता हे खरं. मला वाटलं तुम्ही जागा लपवताय. धागा दोनदा वाचला, आणि मग माझेच फोटो काढून वेळा बघितल्या. मागच्या मे महिन्यात उरणकडे एका बांधावर शेकाट्याचं घरटं सापडलं होतं. चार अंडी. पहिला फोटो ११:२०, शेवटचा ११:५२. मधल्या सगळ्या फोटोंत शेकाट्या माझ्या डोक्यावरून ओरडत फिरतोय. मला तेव्हा वाटत होतं की तो पोज देतोय.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला आम्ही जाणार, पण होडीतूनच. होडीवाल्याचा नंबर आता देणार का? आणि त्याआधी तुमच्यासोबत खाडीत एकदा यायचंय, मॅन्युअलवर उजेड कसा बांधायचा ते दाखवा.

खाडीकाठ

ओंकार, नंबर निरोपात पाठवतो. तांडेल आता स्वतः समुद्रात जात नाहीत, मुलगा जातो. त्याला सांग, बाबांना विचारून मशीन कुठे बंद करायचं ते ठरव. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या. पुढे समुद्र फिरतो, १ जूनपासून मासेमारी बंदी लागते. दीपगृहाच्या बाजूला लागायचं नाही, होडीवाला नेतो म्हणजे परवानगी असते असं नाही.

खाडीत येत्या शनिवारी येतोस का? एकादशी आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, नाखवाच्या बाबांचा हिशोब. अकराची पाऊणपट सव्वाआठ, आत खाडीत थोडी उशिराच. ओहोटी लागताना आपल्याला पाण्यावर असायला हवं. होडीची वेळ ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात फोन करून पक्की कर.

नाखवा_दिवा

शनिवारी भांगाची भरती, पाणी कमी चढेल. खाडीच्या मधल्या अंगानेच जावं लागेल. साडेसातला जेट्टीवर या. जुईताई, तुम्ही पण या. पिवळा-लाल शर्ट कुणी घालू नका.

जुईनगरची_जुई

येते. करड्या रंगाचा कुर्ता आहे.